झोप देऊन आले ते दिवस

ताईची किल्ली घरी राहिली होती, ती द्यायला मी गेले होते. एवढंच. ताई विद्यापीठाच्या कार्यालयात कामाला. मी मजला चुकले, भलतंच दार ढकललं, आणि पांढऱ्या कोटातला एक उंच मुलगा घड्याळाकडे बघत म्हणाला, "किती उशीर! या, काट्यावर उभ्या राहा."

त्याची घाई बघून मी मुकाट उभी राहिले. वजन झालं, उंची झाली. छातीला पट्टा बांधून मी जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसले, चार पेडलं मारली, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"पण मी... किल्ली द्यायला आलेय."

त्याचा चेहरा असा काही उतरला!

"म्हणजे तुम्ही प्रयोगासाठी नाही आलात?"

"कसला प्रयोग?"

"झोप कमी पडली की शरीराला साखर नीट वापरता येत नाही. व्यायामाने ते सावरतं का, बघायचंय. आठवडाभर इथेच राहायचं, झोप निम्मी, रोज सायकल... एक मुलगी येणार होती. आली नाही बहुतेक." पट्टा सोडायला त्याने हात पुढे केला, आणि पटकन मागे घेतला. "तुम्हीच सोडा."

त्या मागे घेतलेल्या हाताने घात केला. परीक्षा संपली होती, सुट्टी होती. "मी राहिले तर?" मी विचारलं.

त्याच्या मॅडमनी माझ्या तपासण्या करून होकार दिला. ताईने मात्र कपाळाला हात लावला. "किल्ली द्यायला पाठवली, तर ही झोप देऊन आली!"

आम्ही काही जण पेडल मारायचो, बाकीचे नुसते वाचत बसायचे. आम्हाला पहाटे उठवायचं आणि दिवसा डुलकी लागू द्यायची नाही, हे त्या मुलाचं काम. सगळे त्याला घुबड म्हणायचे. पहिले दोन दिवस मजेत गेले. मग डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायला लागलं. वरच्या काचेवर पाऊस बारीक टकटक करायचा, पापण्या जड व्हायच्या...

"डोळे उघडा."

"उघडेच आहेत."

"मग माझ्या शर्टाचा रंग सांगा."

"कोटाआड कसा दिसणार?"

"कोट आज घातलेलाच नाही."

मी दचकून बघितलं. निळा होता. छान दिसत होता.

"तुम्ही स्वतः कधी झोपता हो?" मी विचारलं.

"तुम्ही झोपलात की," तो बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला.

एके सकाळी मॅडम माझ्या हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या पडद्यासमोर थांबल्या. सायकल केव्हाच थांबली होती, मी नुसती बसले होते, तो टॉवेल घेऊन शेजारी उभा होता.

"पेडल बंद, मग ठोके का वाढतायत?" त्यांनी विचारलं.

मी पायांकडे बघत राहिले. तोच म्हणाला, "मॅडम, मला दुसऱ्या खोलीत पाठवा. माझ्यामुळे इथली मोजमापं बिघडतायत."

मॅडमनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या.

त्याच्या जागी एक कडक बाई आल्या. माझे ठोके अगदी शहाण्यासारखे चालू लागले. मला मात्र रडू येत होतं.

शेवटच्या दिवशी कळलं, पेडल मारणाऱ्यांची साखर बाकीच्यांपेक्षा बरीच ताळ्यावर राहिली होती. "पण म्हणून झोपेला सुट्टी नाही," मॅडम म्हणाल्या. "घरी जा आणि ताणून द्या."

बाहेर पडले तर तो पायऱ्यांशी उभा. खांद्याला पिशवी. दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, दुपारची बस होती.

"मोजमापं संपली ना? मग आता बोलायला हरकत नाही," तो म्हणाला.

आम्ही समोरच्या बागेतल्या बाकावर बसलो. पाऊस थांबला होता, ऊन कोवळं होतं. "मला तुम्हाला एक विचारायचंय—" एवढं मी ऐकलं...

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. माझं डोकं त्याच्या खांद्यावर, आणि तो खांबासारखा ताठ.

"अगं बाई! तुमची बस?"

"गेली."

"उठवलं का नाहीत मला?"

"आठवडाभर तेच केलं," तो हळूच म्हणाला. "आज मन झालं नाही."

मी सावरून बसले. "काय विचारणार होतात?"

"की... माझी वाट बघाल का?"

"बघेन," मी म्हणाले. "पण आज नाही. आज तू आहेस की इथे."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मला कळलंच नाही. त्याला कळलं. किती गोड हसला!

दुसऱ्या दिवशी तो गेला. मी वाट बघितली, तो आला, लग्न झालं. ती इमारत पाडून आता तिथे गाड्या उभ्या करतात. तिथून जाताना आम्ही दोघंही उगाच सावकाश चालतो. त्या बाकावर मी त्याचा हात हातात घेतला होता. तो म्हणतो, हात इतका बधिर झाला होता की त्याला ते समजलंच नाही.

खोटं बोलतो. माझा हात त्यानेच आधी धरला होता.