दोरानने माफी मागितली तेव्हा

“हा कोण? तुझा भाऊ का?”

प्रश्न इतका निरागस होता, की हसावं की रडावं तेच मला कळेना. दुपार टळत आली होती आणि दिवसभरात कॅफेत आलेलं हे पहिलं माणूस. इथे वेरिबीत जून म्हणजे ऐन हिवाळा; वाऱ्याने त्याचे केस पार विस्कटले होते. चष्म्यावर वाफ, जॅकेटवर पावसाचे थेंब, हातात कॉफीचा कप... आणि कपावर गुलाबी केसांचा, गालाला खळी पडलेला दोरान. मी फोनवर आईशी मराठीत कुरकुरत होते ते त्याने ऐकलं असणार.

“माझ्या भावाने असले केस केले तर आई त्याला घरात घेणार नाही,” मी म्हणाले. “हा दोरान. कोरियन गायक आहे. आज वाढदिवस आहे त्याचा.”

“अरे वा! मग कुठेय तो?”

“सोलमध्ये.”

“आणि पाहुणे?”

हे मात्र लागलं. आम्हा फॅन्सची एक पद्धत आहे. लाडक्या गायकाच्या वाढदिवसाला एखादा कॅफे दिवसभरासाठी घ्यायचा, भिंतीवर त्याचे फोटो लावायचे, कपांना त्याच्या चित्राची वेष्टणं चढवायची. तो हजारो मैल लांब असतो, पण आमचा वाढदिवस दणक्यात होतो. या वर्षी मी हौसेने सगळं केलं आणि चारच दिवस आधी दोरान लाइव्हवर गप्पा मारता मारता बोलून गेला, “मला एक मुलगी आवडते. लपवून लपवून कंटाळा आलाय.”

झालं! इंटरनेट पेटलं. आम्ही एवढा जीव लावला आणि हा असा? कोणी त्याचे फोटो कात्रीने कापून व्हिडिओ टाकले, कोणी त्याला बँडमधून काढा म्हणून मोहीम उघडली. माझ्या पार्टीला येणाऱ्या सगळ्या मुलींनी एकेक करून अंग काढून घेतलं. येईल तो गद्दार, असं ठरलं म्हणे.

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. “म्हणजे त्याला कोणीतरी आवडते, हा गुन्हा?”

“आवडते हा नाही रे. बोलला, हा.”

“अच्छा...” तो कपावरून माझ्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ. “मग अजून एक फ्लॅट व्हाइट कॉफी दे. डोळा मारतोय ना, त्या दोरानचा कप हवा.”

असं करत करत तो उरलेली आख्खी आर्वो, म्हणजे इथल्या बोलीतली दुपार, तिथेच बसला. एक कप संपला की दुसरा. शेवटी चंद्रहासकाका, म्हणजे कॅफेचे मालक, त्याला म्हणाले, “मेट, आता पाणी पी.” जाताना माझा नंबर घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: ‘रात्रभर टक्क जागा. वाढदिवसाच्या शुभेच्छा पोचल्या म्हणावं त्याला. — हृषिकेश.’

हृषिकेश मूळचा पुण्याचा, इथे रेल्वेच्या सिग्नलचं काम करणारा इंजिनिअर. आम्ही शनिवारी नदीकाठी फिरायला लागलो. बँडमधल्या पोरांची नावं तो मुद्दाम उलटसुलट घ्यायचा आणि मी चिडले की खूश व्हायचा. वारा ज्या बाजूने यायचा, त्या बाजूला न सांगता जाऊन उभा राहायचा. एवढंच. पण घरी आल्यावर मला वाऱ्याची बाजू आठवत राहायची.

खरं सांगू? दुरून प्रेम करण्यात माझा हात कोणी धरणार नाही. कॉलेजपासून तेच करत आलेय. पडद्यावरच्या माणसाला काही सांगावं लागत नाही, त्याच्याकडून नकारही येत नाही. पण इथे बाकावर शेजारी बसलेल्या माणसाची बाही माझ्या बाहीला लागायची आणि तो काय बोलतोय ते मला ऐकूच यायचं नाही.

“चारुता, समज दोरान समोर आला,” एकदा त्याने विचारलं, “काय सांगशील?”

“काही नाही. बघत बसेन.”

“आणि दुसरं कोणी असेल तर? म्हणजे... ज्याच्याशी बोलता येतं असं?”

“मग... मग विचार करावा लागेल.” मी घाईघाईने बदकांकडे बघायला लागले. तो हसला. थोडासाच.

तिकडे दोरान आठवडेच्या आठवडे गप्प होता. मग एका सकाळी त्याने जाहीर माफी मागितली. विचार न करता बोललो, फॅन्सचं मन दुखावलं, पुन्हा असं होणार नाही. मी ते दोनदा वाचलं. आवडते म्हणाला, म्हणून माफी!

पण मी त्याचं फॅन पेज चालवते. सगळे माझ्यामागे लागले, तू कोणाच्या बाजूने? शिव्या सुरू झाल्या. कोणीतरी माझ्या ऑफिसचं नाव शोधून काढलं, तुझ्या बॉसला मेल करू म्हणाले. मी घाबरले. लंच टाइममध्ये पेजवर लिहून मोकळी झाले: ‘ज्या प्रेमाने इतकी माणसं दुखावतात, ते मनातच ठेवलेलं बरं.’

शिव्या थांबल्या. पोस्टवर लाल बदामांचा नुसता पाऊस पडला.

त्या शनिवारी हृषिकेश फिरायला आला नाही. पुढच्या आठवड्यात फोनवर सहज म्हणाला, “ब्रिस्बेनला प्रोजेक्ट आहे वर्षभराचा. तिथेच, स्प्रिंगफील्ड लेक्सला घर पण बघितलं. शनिवारी निघतो, गाडीनेच.”

“अरे वा, काँग्रॅट्स!” मी म्हणाले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून भरपूर रडले.

शनिवारी सकाळी मी धपाट्यांचा डबा घेऊन त्याच्या दारात हजर. गाडी काठोकाठ भरलेली. शेजारची म्हातारी मारिया फुटपाथवरची पानं झाडता झाडता आमच्यावर लक्ष ठेवून होती. दर शनिवारी मी त्याला हाक मारायला यायचे तेव्हाही ती अशीच असायची.

“अचानक का रे?” न राहवून मी विचारलं.

“अचानक नाही.” त्याने डबा पुढच्या सीटवर अगदी जपून ठेवला. “तूच लिहिलंस ना... मनातच ठेवलेलं बरं. मी तुझं पेज वाचतो, रोज.”

“ते दोरानबद्दल होतं!”

“हो, पण मी त्याच संध्याकाळी तुला विचारणार होतो. शर्टला इस्त्रीसुद्धा केली होती. म्हटलं, हिने न विचारताच उत्तर दिलं.”

“मूर्ख आहेस तू!” माझा आवाज चढला. “लोक अंगावर आले म्हणून लिहिलं ते. भीतीने लिहिलं. मला तसं वाटतच नाही!”

“मग काय वाटतं?”

मी नजर वळवली. बघायला बदकंही नव्हती. तो होता, आणि त्याचे ते वाफ धरणाऱ्या चष्म्यामागचे डोळे.

“मला तू आवडतोस,” मी म्हणाले. “भयंकर आवडतोस. तू येणार नाहीस तो शनिवार मला नको असतो. आणि हे... हे सांगायला मला फार उशीर झालाय, कळतंय मला.”

त्याने माझे गार पडलेले हात धरले आणि स्वतःच्या जॅकेटच्या खिशात घातले.

“तू पण आवडतेस गं. खूप,” तो हळूच म्हणाला. “पण सही करून बसलोय. सोमवारी हजर व्हायचंय.”

“माहितीये. थांब म्हणत नाहीये. तू जा. फक्त न सांगता तुला जाऊ द्यायचं नव्हतं.”

“वर्षभर, चारुता...”

“विमानं असतात.”

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. कपाळाला कपाळ टेकवून आम्ही नुसते उभे राहिलो. मग गाडी निघाली. कोपऱ्यावर तिचे दिवे क्षणभर लाल झाले आणि ती वळली.

मी तिथेच फुटपाथवर फोन काढला. पेजवरचं ते वाक्य पुसलं आणि लिहिलं: ‘दोरान, तू माफी मागायला नको होतीस.’ फोन लगेच हातात थरथरायला लागला. गद्दार, खोटारडी, तोंड लपव... मी तो खिशात टाकला.

“फ्रेंड ऑफ युअर्स, लव?” मारियाने विचारलं. हा प्रश्न ती मला दर शनिवारी विचारायची आणि दर शनिवारी मी ‘जस्ट अ फ्रेंड’ म्हणून पुढे जायचे.

“नो, मारिया,” मी म्हणाले. आवाज फुटला, तरी रस्ताभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, “आय लव्ह हिम.”

खिशात फोन थांबायचं नाव घेत नव्हता. मारियाने झाडू कुंपणाला टेकवला आणि मला पोटाशी धरलं.