दोन बोटं माया

रविवारी दुपारी ती आपल्या पोरीला, ठमीला, घेऊन आईच्या खोलीवर गेली, ती फक्त एक फ्रॉक आणायला. आईला जाऊन महिना झाला होता. नातीसाठी पिवळ्या कापडाचा फ्रॉक शिवायला घेतला आणि बाह्या लावायच्या आतच म्हातारी गेली. तो अर्धवट फ्रॉक तिनेच, म्हातारीच्या लेकीने, घडी करून कपाटात ठेवला होता. सात वर्षांच्या ठमीला सकाळपासून जरा कणकण होती, पण आजीच्या खोलीवर जायचं म्हटल्यावर ती कसली ऐकते!

जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या.

"रोज दुपारी येतेस होय गं? मशीन चालू असते म्हणून म्हटलं."

किल्ली एकच होती, आणि ती लेकीच्या पर्समध्ये होती. काकूंना ऐकू जरा कमीच येतं, असं मनाशी म्हणत तिने कुलूप काढलं.

आत मशीनच्या तेलाचा वास होता. याच पायमशीनवर आईने तिला एकटीने वाढवलं. पुढे नातीला शाळेतून आणायला अर्धा तास आधीच फाटकाशी जाऊन उभी राहायची. दोघींचे कपडे तिने कधी बाहेर शिवू दिले नाहीत. "मावशी, फ्रॉक शिवलाय की तंबू?" असं गिऱ्हाइकं चिडवायची, कारण शिवणीच्या आत ती दोन बोटं जास्तीचं कापड सोडायची. शिवणकामात त्याला माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, तोच कपडा पुन्हा अंगाला येतो.

फक्त एकदाच तिने माया ठेवली नव्हती. लेक दवाखान्यात होती, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि आई उशाशी बसून स्वतःचा तपकिरी ब्लाउज शिवत होती.

"आई, माया नाही ठेवलीस?"

"मला कशाला आता? तुला कमी पडतेय. तुला जोड देते."

म्हातारी कापडाबद्दलच बोलतेय, असं लेकीला तापात वाटलं. आठवड्याभरात ती उठून बसली. आई मात्र ब्लाउज शिवला त्याच रात्री झोपेत गेली होती. आईच्या जिवावर आपण उठलो, हा विचार लेकीने कुणाजवळ बोलून दाखवला नव्हता.

पिवळा फ्रॉक कपाटात नव्हता. तो खिडकीच्या खिळ्याला लटकत होता, बाह्या लावलेला, काजं-बटणं केलेला.

ठमीने तो लगेच चढवला. अंगाला चोख बसला. फार चोख.

"आजीने माप घेतलंच होतं," ठमी म्हणाली.

"कधी?"

"काल... मी झोपले होते ना, तेव्हा. टेप किती गार होती, आई!"

तिने फ्रॉक काढून उलटा केला. आत माया नव्हती. शिवणीला लागून कापड साफ कापलेलं होतं. या फ्रॉकमध्ये ठमी वाढणारच नव्हती.

मशीनवर, सुईखाली, आणखी एक कपडा होता. लेकीच्या मापाचा पांढरा ब्लाउज. त्याच्या शिवणीत आतून एक तपकिरी पट्टी जोडलेली होती, आणि तिला लागून दुसरी, पिवळी.

"आई," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "हिचं नको गं... माझं काय व्हायचं ते होऊ दे..."

ठमी खाटेवर आडवी झाली होती. तिचं अंग तापलं होतं.

मग लेकीने कात्री घेतली आणि पिवळी पट्टी टाका टाका उसवली. दवाखान्यात होती तीच कळ पोटात उठली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं. हातशिलाईने तिने ती पट्टी फ्रॉकला परत जोडली. टाके वेडेवाकडे आले, पण घट्ट होते. ठमीला फ्रॉक घातला. कपाळाला हात लावला, तर ताप उतरत होता. पांढरा ब्लाउज तिथेच टाकून, कुलूप घालून, कळ दाबत ती पोरीला कडेवर घेऊन जिना उतरली. काकू दारातच होत्या.

"मशीन बंद नाही केलीस का गं?" त्या म्हणाल्या.

ती थांबली नाही. घर येईपर्यंत तिने मागे वळूनही पाहिलं नाही. दाराशी ठमीला खाली ठेवताना तिच्या ध्यानात आलं की पोटातली कळ केव्हाच थांबली होती.

ठमीचे हात तापाने भाजत होते. फ्रॉकच्या शिवणीत आत काहीच नव्हतं.

लेकीने अंगातल्या ब्लाउजची कड उलटून पाहिली. सकाळी तिने घातलेला, दुकानातून आणलेला साधा निळा ब्लाउज. आत दोन बोटं पिवळी माया होती, आणि टाके आईच्या हातचे होते, बारीक, एकसारखे, जीव लावून घातलेले.