खालचा सिलिंडर

मेहुण्याची मोटर बसली ती ऐन कामाच्या दिवसांत. मिस्त्रीने ती उघडून पाहिली आणि क्रँक गेलाय, नवा यायला महिना तरी लागेल, असं सांगून टाकलं. होडीला मोटर नाही म्हणजे महिनाभर बसून राहायचं. मेहुणा डोक्याला हात लावून पायरीवर बसला, तशी मिस्त्रीची बायको भावाला सहज म्हणाली, "मग ह्यांची काढ ना."

मिस्त्रीने मान वर केली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि या घरात 'हे' म्हणजे आपणच, असा त्याचा समज होता. पण बायकोचं बोट शेडच्या कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे होतं.

ताडपत्रीखाली तिच्या पहिल्या नवऱ्याची मोटर होती. तो नावाडी, माणसांची पलीकडच्या काठावर ने-आण करायचा. सात वर्षांपूर्वी एका दुपारी त्याची होडी धक्क्याजवळ आली ती मोटर न्यूट्रलमध्ये चालू आणि होडीत कुणीच नाही अशी. वारा नव्हता, लाट नव्हती. आठ दिवस शोधाशोध झाली, हाती काही लागलं नाही. पुढे होडी विकली, मोटर मात्र तिने विकू दिली नाही. हे सगळं मिस्त्रीला लग्नाआधीच सांगितलेलं होतं आणि त्यानेही ते समजूतदार चेहऱ्याने ऐकून घेतलं होतं. चेहऱ्याचं काय, तो कसाही करता येतो.

खरं सांगायचं तर तो त्या माणसावर जळायचा. जिवंत नवरा घोरतो, चिडतो, त्याचे केस गळतात. गेलेला नवरा गेला त्या दिवशी जेवढा देखणा होता तेवढाच राहतो. त्याच्याशी झगडायचं तरी कसं? बायकोत काही खोट नव्हती. आजारपणात ती उशाशी बसून राहायची, कधी वाकडा शब्द काढायची नाही. पण मिस्त्री कामावरून आला म्हणून ती दारापर्यंत कधी आली नव्हती. आणि नावाडी आला की ती धावत धक्क्याच्या टोकापर्यंत जायची, हे मेहुण्यानेच एकदा हसत हसत सांगितलं होतं. नावाडी म्हणे मोटर बंदच करायचा नाही. धक्क्याला लागायचा, मोटर मंद चालू ठेवायचा आणि वाट बघायचा. तिने येऊन दोर हातात घेतला, की मगच बंद. गंमत म्हणून सांगितलेली ही गोष्ट मिस्त्रीच्या पोटात गेली ती तिथेच राहिली.

त्यामुळे मोटर बाहेर काढताना त्याच्या डोक्यात मेहुणा नव्हताच. त्या माणसाच्या हाताशिवाय ही मोटर चालते, हे एकदा बायकोच्या डोळ्यांदेखत दाखवायचं होतं. तेवढं झालं की ती पुरती आपली होईल, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

शेडला दोन दारं होती. एक घराच्या पायऱ्यांकडे, दुसरं पाण्याकडे, थेट धक्क्याच्या फळ्यांवर उघडणारं. मधोमध पाण्याने भरलेला लोखंडी ड्रम, आणि मोटर तपासायची ती त्याच्या काठाला अडकवून. ताजं पेट्रोल-ऑइल घातलं, चोक ओढला, आणि सात वर्षं पडून असलेली मोटर तिसऱ्या झटक्याला चालू झाली. रेस दिली की चांगली पळायची. मंद केली की भडभडायची, मिसिंग करायची, आता बंद पडते की काय असं करत अडखळत राहायची.

अशा वेळी करायची परीक्षा ठरलेली असते. सिलिंडर दोन, एकावर एक; मोटर चालू ठेवून त्यांच्या प्लगची एकेक वायर काढायची. वरच्या सिलिंडरची काढली, मोटर बंद पडायला आली. म्हणजे वरचा ठीक. खालच्याची काढली, आवाजात काडीचा फरक नाही. म्हणजे मंद चालताना खालचा कामच करत नव्हता.

"स्क्रू पावणेदोन फेरे ठेवा," बायको दारातून म्हणाली. "वर नखभर."

कार्बोरेटरच्या स्क्रूबद्दल बोलत होती ती. तो पूर्ण आत फिरवायचा आणि मग किती फेरे बाहेर घ्यायचा, यावर मंद चाल ठरते.

"पुस्तकात दीड लिहिलंय," मिस्त्री म्हणाला.

"असेल. पण हे पावणेदोन ठेवायचे."

नावाडी मोठ्याने फेरे मोजायचा, ते ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. मिस्त्रीच्या चपलेचं माप मात्र तिला चार वर्षांत पाठ झालं नव्हतं. दर वेळी एक नंबर मोठी आणायची. त्याने स्क्रू दीडवर ठेवला.

मग त्याने तीन दिवस त्या मोटरला सोडलं नाही. प्लग बदलले. स्पार्क पाहिला, निळा आणि जाड. कॉम्प्रेशन पाहिलं, दोन्हीकडे सारखं. कार्बोरेटर उघडून जेटमधून बारीक तार फिरवली, हवा मारली, जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती शोधली. कुठे काही नाही. मेहुणा येऊन येऊन विचारायचा, आणि मिस्त्री मोटर जुनी, पार्ट झिजलेले, अशी कारणं सांगायचा. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याचं त्यालाही कळत होतं.

दोन गोष्टी त्याने मेहुण्याला सांगितल्या नाहीत.

एक म्हणजे खालचा प्लग दर वेळी ओला निघायचा. पेट्रोलने नाही, पाण्याने. हेड उघडून पाहिलं तर आत कोरडं ठणठणीत, गॅस्केट धडधाकट. नवा प्लग लावला, पाच मिनिटांनी काढला, ओला.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र होती. बायको चहा घेऊन आत आली की मोटर सुधारायची. ती कप ठेवेपर्यंत एकसारखी चालायची, आणि ती पायऱ्या चढून गेली की पुन्हा अडखळू लागायची. दार उघडल्यावर हवा बदलत असेल म्हणून त्याने स्वतः दार उघडून पाहिलं, दहा वेळा. काही फरक पडला नाही. मिस्त्री काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्याला भीती वाटली नाही, राग आला. मोटरसुद्धा त्याचीच, असं त्याच्या मनात आलं. तिसऱ्या दिवशी तिने चहा आणला तेव्हा त्याने तो दारातूनच घेतला आणि इथे वास फार आहे, आत येऊ नकोस, असं सांगितलं. तिने एकदा मोटरकडे पाहिलं आणि बरं म्हणून निघून गेली.

चौथ्या दिवशी दुपारी तो हरला. मेहुणा बाजारात गेला होता, बायको वर घरात कपड्यांच्या घड्या घालत होती. मिस्त्रीने घराकडचं दार ओढून घेतलं आणि चोरी करावी तसा स्क्रू फिरवला. पूर्ण आत. मग बाहेर, एक, दीड, पावणेदोन. वर नखभर.

मोटर स्थिर झाली.

तीस वर्षांत त्याने दोन सिलिंडरची मोटर इतकी मंद आणि इतकी एकसारखी चालताना ऐकली नव्हती. आनंद व्हायला हवा होता. झाला तो जळफळाट. शेवटी त्याचंच खरं ठरलं होतं, आणि आपण आपल्या हाताने ते ठरवलं होतं.

सवयीने त्याने खालच्या प्लगच्या वायरची रबरी टोपी ओढून काढली. फरक पडला नाही.

म्हणजे खालचा अजूनही बंद. मग चाल एकसारखी कशी?

त्याने वरची टोपी काढली.

मोटर चालतच राहिली.

दोन्ही टोप्या डाव्या हातात धरून तो उभा होता. झटका बसायला हवा होता, बसला नाही. उजव्या हाताने त्याने बंद करायचं बटण दाबलं. मग पेट्रोलची नळी उपटली. ड्रममधल्या पाण्यावर वर्तुळं उठत राहिली.

वर पायऱ्यांवर पावलं वाजली. कुणीतरी धावत होतं.

दार उघडलं. बायकोच्या खांद्यावर मिस्त्रीचाच सदरा होता, घडी घालायचा राहिलेला. तो उंबऱ्यात पडला. तिने पाहिलं नाही.

"अगं," मिस्त्री म्हणाला.

"आले, आले," ती म्हणाली. त्याला नाही.

ती त्याच्या शेजारून गेली, पाण्याकडच्या दारातून बाहेर पडली आणि फळ्यांवरून टोकापर्यंत धावली. समोर होडी नव्हती. लांबपर्यंत काहीच नव्हतं. तिने दोन्ही हात पुढे केले आणि अलगद काहीतरी झेललं.

त्याच क्षणी मोटर बंद पडली.

ती खुंटाशी वाकली. हात खुंटाभोवती दोनदा फिरले, गाठ मारली, ओढून पाहिली. हातात काही नव्हतं. खुंट पाण्याकडे किंचित कलला. धक्क्याच्या कडेला होडी घासू नये म्हणून टायर टांगलेला असतो, तो हळूच चेपला आणि चेपलेलाच राहिला.

बायकोने मागे वळून पाहिलं. चार वर्षं तो ज्या चेहऱ्याची वाट पाहत होता, तो चेहरा तिला होता तर.

"तुम्ही जेवून घ्या," ती म्हणाली. "आम्हाला उशीर होईल."

तिने गाठ सोडली आणि फळीवरून पाऊल खाली टाकलं. पाणी उडालं नाही. टायर सावकाश फुगला, पुन्हा गोल झाला. धक्क्यावर कुणी नव्हतं.

मिस्त्रीला हाक मारायची होती. मोटर त्याच्या मागे ड्रममध्ये गार होत होती, दोन्ही टोप्या अजून त्याच्या हातात होत्या, आणि समोरच्या मोकळ्या पाण्यावरून एका मोटरचा आवाज दूर दूर जात होता. तीस वर्षांची सवय. कान आपोआप ठोके मोजू लागले. वरचा, खालचा, वरचा, खालचा. दोन्ही चालू होते.