चित्रातल्या घरची वाटी

ही गोष्ट खरी आहे. थापाच मारायच्या असत्या, तर मी माझ्या मावसबहिणीचं नाव मध्ये आणलं नसतं.

आसावरी, तिचा नवरा विवेक आणि पाच वर्षांची स्मृती रियाधला, ओलाया भागात राहतात. गेल्या मार्चमध्ये विवेकच्या ऑफिसातला एक इंग्रज कायमचा मायदेशी निघाला. जाताना त्याने घरातलं सामान वाटून टाकलं. फुकट ते पौष्टिक! विवेकने जलरंगातलं एक जुनं चित्र उचलून आणलं आणि हॉलमध्ये टांगलं. दोनशे वर्षांपूर्वीचं. इंग्लंडच्या खेड्यातलं, गवताने शाकारलेलं घर.

दार बंद. आसपास माणूस नाही.

त्या शुक्रवारी दुपारी वाळूचं वादळ सुटलं. विवेक बाहेर अडकलेला. आसावरी स्वयंपाकघरात लाडू वळत होती.

स्मृती हॉलमधून आली. हातात एक अनोळखी वाटी... वाटीत ओली, काळी-जांभळी फळं.

"कोणी दिली गं?"

"आंटीने दिली."

आंटी म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली नूरुन्निसा, मूळची रत्नागिरीची. दोघींची देवाणघेवाण रोजचीच. आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत धाडायचं नाही, ही आपली रीत. आसावरीने फळं काढून वाटीत बेसनाचा लाडू ठेवला.

"जा, आंटीला देऊन ये."

मग तिने नूरुन्निसाला फोन लावला.

"कसली फळं? आम्ही तर कालपासून मदिन्याला आहोत गो!"

आसावरीने फोन टाकला. ती हॉलमध्ये धावली.

बाहेरच्या दाराची वरची कडी आतून लावलेली होती. तिथवर स्मृतीचा हात पोचतच नाही.

हॉलमध्ये कुणी नव्हतं.

"स्मृती!"

काचांवर वाळू आपटत होती. आणि मग... ओल्या गवताचा वास.

चित्रातलं दार उघडं होतं.

"माझी लेक परत दे गं बाई! पाया पडते तुझ्या!" आसावरी चित्राच्या काचेवर हात आपटत रडू लागली.

"आई..."

मागे स्मृती उभी. पाय चिखलाने माखलेले. अंग गारठलेलं. आसावरीने तिला छातीशी घट्ट धरलं.

संध्याकाळी विवेक आला. सगळं ऐकून तो चित्र कचऱ्यात टाकायलाच निघाला. आसावरीने ते हिसकावून घेतलं.

दार पुन्हा बंद झालं होतं. पण आता खिडकीत एक छोटी मुलगी उभी होती... चेहरा पुसट.

आतल्या खोलीत स्मृती शांत झोपली होती.

"टाकू नकोस," आसावरी कुजबुजली. "आपली कुठली, ते मला कळत नाहीये रे."

चित्र अजून त्यांच्याच घरी आहे. मी गेले की स्मृती "मावशी" म्हणत बिलगते. मी तिला जवळ घेते. पण खिडकीतल्या त्या पोरीकडे बघायची माझी हिंमत होत नाही.