नगरकवचाचा शत्रू

सह्यनगरच्या संगणक-सुरक्षा संस्थेचे दार त्या सोमवारी खुद्द संचालकांनाच उघडेना. डॉ. निरंजन पाटणकरांनी बोट टेकवले, डोळा दाखवला, शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने सांगून पाहिले. पडद्यावर एकच वाक्य येत राहिले : अनोळखी व्यक्ती, प्रवेश नाही. ज्या नगरकवच नावाच्या सुरक्षा-प्रणालीचे जनक म्हणून ते देशोदेशी शाली पांघरून घेत हिंडले, त्याच नगरकवचाने त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले होते.

मिरजेच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत हेमांगी तोरसकरने ही बातमी वाचली आणि ती पोट धरून हसली. दुसऱ्याच्या फजितीला हसू नये म्हणतात. पण असे म्हणणाऱ्यांचा प्रबंध कुणी चोरलेला नसतो.

कल्पना तिची होती. पूर्वी सॉफ्टवेअरची सुरक्षा म्हणजे भिंत बांधायची आणि भोक पडले की बुजवायचे. हेमांगी म्हणाली, एकदा गोवर येऊन गेला की शरीर तो ओळखून ठेवते. आज्ञावलीनेही प्रत्येक हल्ल्यातून तसेच शिकले पाहिजे. या ‘प्रतिकारी आज्ञावली’वर तिने पाटणकरांच्या हाताखाली प्रबंध लिहिला. सरांनी तो अपुरा म्हणून अडकवून ठेवला आणि तेवढ्यात स्वतःच्या नावाने नगरकवच उभे केले. पाणी, वीज, लिफ्ट, इस्पितळे, साऱ्या सह्यनगरची राखण त्याच्याकडे गेली. हेमांगी तक्रारी करत दारोदार फिरली. पदवी मिळाली नाही, मत्सरी हे विशेषण मात्र मिळाले.

मग तिने नगरकवच फोडायचा विडाच उचलला. शहराला तिला धक्का लावायचा नव्हता. पाटणकरांच्या दालनातले दिवे विझवायचे होते, जिथे जिथे ‘जनक’ म्हणून त्यांचे नाव होते तिथून ते पुसायचे होते. एक तपभर, कॉलेज सुटले की ती कवचावर मारा करायला बसे. कितीदा तरी आपण आत शिरलो असे वाटून तिने त्यांचे नाव दिसेल तिथून पुसले, आणि दर वेळी कळले की ती कवचाने मांडलेली फसवी खोली होती. चोर आत काय करतो ते पाहायचे आणि शहाणे व्हायचे, ही युक्तीही तिच्याच प्रबंधातली. आपल्याच पोरीकडून मार खावा तसा तो प्रकार होता, पण तिने हट्ट सोडला नाही.

यंदा तिला कावीळ झाली. कित्येक आठवडे उसाचा रस पीत ती अंथरुणाला खिळली आणि मारा थांबला. उठून पाहते तो सह्यनगरात रजेवरून परतलेली माणसे दारांपाशी ताटकळत उभी. कारण तिच्या क्षणात ध्यानात आले. त्यानंतर तिने संगणकाला हातही लावला नाही. बारा वर्षांच्या खटपटीने जे साधले नव्हते, ते नुसते गप्प बसून साधत होते.

दार न उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाटणकर आंब्यांची पेटी घेऊन मिरजेत हजर झाले. केस पिकले होते, रुबाब तसाच होता. प्रकृतीची चौकशीसुद्धा न करता त्यांनी विचारले, “मारा का थांबवलास?”

हेमांगी गारच पडली. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या वर्षापासून. तुझी हातोटी मी ओळखणार नाही? मीच माणसांना सांगून ठेवलं होतं, हिला पोलिसांत देऊ नका. पगारी हल्लेखोर होते की माझ्याकडे. पण फसव्या खोलीत शिरले की ते हात आवरतात आणि कवचाला कळतं, ही लुटुपुटूची लढाई. तू कधी हात आवरला नाहीस.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रबंध चोरला तो चोरला, पण या माणसाने तिचा द्वेषसुद्धा फुकटात राबवून घेतला होता. पहिल्या चोरीपेक्षा ही दुसरी तिला जास्त झोंबली.

“कवचाची संशयाची भूक ठरलेली आहे,” ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. “खरा शत्रू मिळाला की ती भागते. नाही मिळाला, तर ते चाळणी बारीक करतं आणि जो जरा वेगळा दिसेल त्याला शत्रू ठरवतं. आधी रजेवरून आलेले, मग तुम्ही. मूळ आज्ञा बदलायला तुमच्याशिवाय कोण हात घालतं? चोराचंही तेच काम असतं.”

“मला कळतं ते. भूक कमी करायला मूळ आज्ञेतच हात घालावा लागेल, आणि तसं केलं तर सगळं कवच कोसळेल. काल शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर सर्जन अडकला होता. रोगी वाचला, नशीब. तू परत मारा सुरू कर. काय हवं ते माग.”

तो रोगी मात्र हेमांगीच्या मनाला लागला. तिचे भांडण त्याच्याशी नव्हते. पण मागायची वेळ आल्यावर ती मागे हटली नाही. पाटणकरांनी भर सभेत खरे सांगावे, आणि नगरपरिषदेच्या तिजोरीत पडून असलेली जनकाची किल्ली, जी वापरणाऱ्याला कवच मालक मानते ती, संमती देऊन तिच्या नावे करावी, एवढे तिने मागितले. किल्ली गेली तरी खुर्ची राहील असा हिशेब करून पाटणकर कबूल झाले.

सभेत त्यांनी गोड शब्दांत सुरुवात केली. या कार्यात माझ्या एका विद्यार्थिनीचाही मोलाचा वाटा आहे, वगैरे. हेमांगी उभी राहिली आणि वाटा नव्हे, सगळे, असे म्हणाली. किल्ली नावे होताच तिने कवचाची मूळ आज्ञावली मोठ्या पडद्यावर लावली आणि कुठल्याही दहा ओळी समजावून सांगा म्हणाली. पाटणकरांना पाचही सांगता आल्या नाहीत. समोर त्यांची बायको होती, मुलगा होता, चाळीस वर्षांत शिकवलेले विद्यार्थी होते. मग तिने परिषदेकडून त्यांची खुर्ची काढवली, बंगला काढवला, शिपायाला पाठवून दारावरची पाटीसुद्धा उतरवून आणवली. तिच्या बाजूची माणसेही आपसात म्हणाली, हे जरा जास्तच झाले.

बाहेरच्या ओसरीत पाटणकरांनी तिला गाठले. “झालं मनासारखं? आता मारा सुरू कर. इस्पितळ थांबणार नाही.”

“माझा मारा आता चालणार नाही, सर. किल्ली माझ्याकडे आली. मी काहीही केलं तरी कवच म्हणणार, मालकीण घरात फिरतेय.”

“मग कोण करणार?”

“त्याला खरा शत्रू लागतो. आतबाहेरची माहिती असलेला, आणि हात न आवरणारा. उगाच नाही मी सभेत एवढं बोलले.”

हे अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे तिने निव्वळ सुखासाठी केले होते.

“मी शहराचं नुकसान करीन असं वाटतं तुला?”

“शहराचं नव्हे, माझं. मला तरी कुठे शहराचं करायचं होतं?”

ते निघून गेले. त्यानंतरचे दिवस हेमांगीने जीव मुठीत धरून काढले. कवचाने परिचारिका अडवल्या, पाणी सोडणारा माणूस अडवला. म्हातारा रडत बसला असेल, नाही तर देवाधर्माला लागला असेल, तर आपला सूड शहराला महागात पडणार हे तिला दिसत होते. तिने इस्पितळाच्या दारांवर माणसे उभी करून ती हाताने उघडी धरायला लावली.

आणि मग मारा आला. अगदीच बाळबोध होता, पण फसव्या खोलीत शिरल्यावर हल्लेखोराने दिसेल तिथे ‘तोरसकर’ हे नाव पुसून टाकले, एकही सोडले नाही. तासाभरात इस्पितळाची दारे पूर्ववत झाली. हेमांगीने त्या दिवशी पोटभर जेवण केले.

पुढे माऱ्याला धार येत गेली. दिवाळीच्या सुमारास एक हल्ला असा आला की ती खुर्चीवरून उठलीच. आपल्या रचनेत एक कच्चा दुवा आहे आणि त्यावर मला उपाय सापडलेला नाही, असे तिने प्रबंधाच्या अखेरच्या प्रकरणात प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते. तक्रार ऐकणारे, परिषद, सत्कार करणारे, त्याबद्दल तिला आजवर कुणीही विचारले नव्हते. हल्ला नेमका तिथे होता, आणि त्यात तिलाही न सुचलेला एक विचार होता.

आपला प्रबंध सरांनी एकदा मुळापासून शेवटपर्यंत वाचावा, एवढेच तिला विद्यार्थिनी असताना हवे होते. तो आता त्यांनी वाचला होता, तिचा गळा धरण्यासाठी. हेमांगीने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहायला घेतले.