चांगल्या कातडीवरची पट्टी

सकाळचा चहा घेताना शैला आधी फोनवर आईचं पान उघडायची. ते हिरवं दिसलं की मगच घोट घशाखाली उतरायचा. गेले अकरा महिने ते हिरवंच होतं. सुस्थिती अंक अठ्ठ्याण्णव. आईच्या, म्हणजे आक्कांच्या, अंगाला चिकटवलेली नखाएवढी पट्टी कातडीखालचा रक्ताचा ओघ, दाब आणि ओल मोजायची. कूस बदलायला उशीर झाला की देखभालीच्या बाईच्या फोनवर बोंब मारायची. अर्धांगवायूने वाचा गेलेल्या माणसाच्या वतीने आमची पट्टी बोलते, असं घरी शुश्रूषा पुरवणाऱ्या त्या कंपनीने माहितीपत्रकात छापलं होतं.

आज शैला न कळवता पुण्याहून बार्शीला आली आणि दारातच थबकली. उदबत्तीच्या वासाखाली आणखी एक वास होता.

तिने आईला कुशीवर वळवलं. माकडहाडापाशी तळहाताएवढी जखम होती. कडा काळ्या, आत पू, तळाशी हाड. अंग तव्यासारखं तापलेलं. आणि खांद्यावर पट्टी निवांत हिरवी लुकलुकत होती.

शैलाने आधी रुग्णवाहिका बोलावली. मग देखभालीला येणाऱ्या छबूकडे वळली.

"छबूताई, हे काय आहे?"

"पट्टी आधी तिथंच होती, ताई, माकडहाडावर. कातडी लाल झाली तशी माझ्या फोनवर ओरडायला लागली. मी हापिसात कळवलं. ते म्हणले, सोललेल्या कातडीवर लावायची नाही, नियम आहे. चांगल्या जागी सरकव. सरकवली. ती गप बसली."

"आणि तुम्हीही."

"जखमेचा फोटो दोनदा धाडला मी. उत्तर आलं, अंक चांगला आहे." छबूचा आवाज चढला. "सात घरं आहेत मला. जी पट्टी ओरडंल तिकडं पळायचं. न ओरडणाऱ्याकडं दिवसातनं एकदा, तेपण पंधरा मिनिटं. तुम्ही तरी कधी आलात?"

शैलाने कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज साखरेत घोळवलेला होता.

"मॅडम, आईंचा अंक उत्तम आहे. तुम्ही प्रत्यक्ष बघताय ना, म्हणून जास्त वाटत असेल."

"हाड दिसतंय मला. तुमच्या पट्टीला का दिसत नाही?"

"पट्टी निरोगी त्वचेसाठीच प्रमाणित आहे. शिवाय जागा बदलायला तुमची संमती आहे, मॅडम. गेल्या महिन्याच्या वीस तारखेची."

शैलाला आठवलं. बैठक चालू असताना फोनवर चौकट आली होती, 'अधिक अचूक नोंदीसाठी पट्टीची जागा बदलत आहोत.' तिने न वाचता 'ठीक' दाबलं होतं. सरळ कंपनीकडे निघालेला संताप अर्ध्या वाटेतून मागे फिरला आणि तिच्याच छातीवर येऊन बसला.

आक्का टक लावून बघत होत्या. शिवणाच्या वर्गात मुलींची वाकडी टीप त्या अशाच बघायच्या, आणि एक शब्द न बोलता सगळी उसवायच्या.

शैलाने खांद्यावरची पट्टी नखाने सोलून काढली.

पान लाल झालं. मिनिटाच्या आत फोन वाजला. अकरा महिन्यांत कंपनीचा पहिला फोन. 'संपर्क तुटला आहे, तातडीने माणूस पाठवत आहोत.'

बाहेर रुग्णवाहिका थांबली. शैलाने आईच्या मानेखाली हात घातला.

"छबूताई, तुमच्या सात घरांत कितीजणांच्या खांद्यावर पट्टी आहे?"

छबूने बोटं मोजली. "पाच." मग शैलाच्या हातातल्या पट्टीकडे बघत तिने हळूच विचारलं, "ताई, त्या पण काढू का?"