एकेचाळिसाव्या खोक्यातली बाई

एकेचाळिसाव्या खोक्यात दोन राखाडी फरशा निघाल्या.

रेकॉर्डबाईंनी त्या टेबलावर ठेवल्या आणि खोकं उलटं करून झटकलं. चिमूटभर भुकटी पडली, बस्स. आत प्लास्टरच्या दोन चकत्या असायला हव्या होत्या, जेवायच्या ताटाएवढ्या. एकीवर उठावातलं चित्र, ती सुलटी. दुसरी तिचा खोलगट ठसा, ती उलटी. टांकसाळीतली बाईंची खोली म्हणजे कधीच न पाडलेल्या नाण्यांचं गोदाम होतं. कुणाच्या तरी स्मरणार्थ नाणं काढा असा प्रस्ताव यायचा, खोदकार मान मोडून नमुना करायचा, समिती नाक मुरडायची आणि खोकं बाईंच्या फडताळात येऊन पडायचं. अशी त्रेसष्ट खोकी बाई बावीस वर्षं सांभाळत होत्या. प्रत्येक फाइलवरचा शेरा त्यांना पाठ होता, खोकी मात्र त्या क्वचितच उघडायच्या.

एकेचाळीसचा शेरा सगळ्यात जास्त झोंबायचा. एकतीस वर्षांपूर्वीच्या पुरात टेलिफोन केंद्रातली एक बाई जागची उठली नाही. पाणी गळ्याशी येईपर्यंत ती नदीकाठच्या गावांना एकेक करून फोन लावत राहिली. गावं वाचली, ती गेली. आणि समितीतल्या कुणा शहाण्याने तिच्या प्रस्तावावर लिहिलं होतं, "व्यक्ती पुरेशी मोठी नाही."

आता त्याच बाईचं नाणं निघणार होतं. आज दुपारी तीनला शेवटची मंजुरी होती. फलकावर नवं चित्र झळकत होतं : टेलिफोनवाली, उजव्या हातात जोडणीची वायर, बाहीला एक सेफ्टीपिन. खाली चित्रविभागाच्या प्रमुखांचं, म्हणजे चित्रप्रमुखांचं नाव, चांगलं ठळक. उशिरा का होईना अक्कल आली म्हणून बाई खुशीत जुना नमुना काढायला गेल्या होत्या.

सुरक्षा अधिकारी दहा मिनिटांत आले आणि अकराव्या मिनिटाला त्यांना चोर सापडला. नोंदवहीत तीन महिन्यांत एकटं आत गेलेलं एकच माणूस होतं. म्हातारे खोदकार, सगळ्यांचे अण्णा. सोमवारी पाच मिनिटांसाठी. जुना नमुना त्यांनीच केलेला आणि टेलिफोनवाली त्यांची सख्खी थोरली बहीण.

"सरळ आहे," अधिकारी म्हणाले. "पाच दिवसांत निवृत्त होतायत. बहिणीची आठवण घरी नेली."

"कशातून?"

"पिशवीतून."

"तुमच्या फाटकातून?"

अधिकाऱ्यांनी घसा खाकरला. टांकसाळीच्या फाटकात डब्यांची झाकणं उघडतात, बूट काढून झटकायला लावतात. इथून सुईसुद्धा बाहेर जात नाही, अशी बढाई हेच गृहस्थ रोज मारायचे. आता ताटाएवढ्या दोन चकत्या गेल्या म्हणे. तरीही ते तडक संचालकांकडे गेले आणि संचालकांनीही चौकशी वगैरेच्या भानगडीत न पडता फर्मान काढलं. तीनपर्यंत चकत्या आल्या नाहीत तर अण्णा निलंबित. अडतीस वर्षं पोलादात दुसऱ्यांची नावं कोरलेला माणूस स्वतःचं नाव घालवून फाटकाबाहेर पडणार होता.

बाई तावातावाने कारखान्यात गेल्या. अण्णांची कपाटं उचकून झाली होती आणि काही सापडलं नव्हतं. अण्णा भिंग लावून छिन्नीला धार करत बसले होते.

"चकत्या तुम्ही नेल्या?"

"मला काही बोलायचं नाही."

"नेल्या नाहीत, एवढं तरी म्हणा."

अण्णांनी मिठाची गुळणी धरली. बाईंना त्यांचाही राग आला. अहो, माणूस फासावर जातानाही काहीतरी पुटपुटतो. मग फलकावरचं चित्र आठवून त्यांनी सहज विचारलं, "ताईंच्या बाहीला पिन होती का हो?"

छिन्नी थांबली.

"त्या सकाळी बटण तुटलं," अण्णा म्हणाले. "पिन मीच शोधून दिली. नमुन्यात घातली, मला तशीच दिसली होती शेवटची." मग ते पाठ फिरवून म्हणाले, "बाई, हे इथंच सोडा."

सोडतील तर त्या रेकॉर्डबाई कसल्या. खोलीत येऊन त्यांनी फाइल उघडली. त्यात टेलिफोनवालीचा एकुलता एक फोटो होता आणि अण्णांचं पहिलं कच्चं चित्र. दोन्हींत वायर डाव्या हातात. टेलिफोनवाली डावखुरीच होती. दोन्हींत बाहीला धड बटण, पिन कुठेच नाही.

बाईंनी फोटो फलकावरच्या चित्राशी मनात ताडून पाहिला. मग त्यांनी देवघेवीची वही काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. दोन महिन्यांपूर्वी चाळीस ते पन्नास ही सगळी खोकी चित्रविभागाने कॅलेंडरच्या फोटोंसाठी नेली होती. परत आली तेव्हा त्यांनी मोजून घेतली होती, उघडून नाही. स्वतःला चार शिव्या घालून त्या वरच्या मजल्यावर जाऊन आल्या. चित्रविभागात नवी फरशी बसवली होती. उरलेल्या फरशा जिन्याखाली रचलेल्या होत्या, राखाडी.

तीन वाजता त्या न बोलावता समितीच्या खोलीत शिरल्या. अण्णा भिंतीशी उभे होते, आरोपीसारखे. बाईंनी टेबलावर फोटो ठेवला आणि चित्रप्रमुखांकडे वळल्या.

"तुम्ही चित्र कशावरून काढलंत?"

"याच फोटोवरून. वर्तमानपत्रात आला होता."

"जुना नमुना पाहिला होतात?"

"कधीच नाही."

"फोटोत वायर डाव्या हातात आहे."

"कलाकार एवढा बदल करतो."

"आणि ही पिन?"

"माझी कल्पना. गरिबीची खूण."

"गरिबीची नाही. बटण तुटल्याची," बाई म्हणाल्या. "ती पिन फक्त अण्णांना माहीत होती. कागदावर ती कुठेच नाही, फक्त प्लास्टरवर आहे. म्हणजे नमुना तुम्ही पाहिलात. पण सुलटी चकती पाहिली असतीत तर वायर डाव्याच हातात आली असती. तुम्ही उलटीचा फोटो काढलात. बाजूने उजेड पडला की खोलगट चेहराही फोटोत उठावाचा दिसतो. नमुन्यावर अजून अक्षरं घातली नव्हती, नाहीतर ती तरी उलटी दिसली असती. उलटी कुठली आणि सुलटी कुठली, हे इथल्या कुठल्याही कारागिराने हात फिरवून सांगितलं असतं. तुम्ही आयुष्यात प्लास्टरला हात लावलेला नाही. चोरी केलीत, तीही उलटी."

बाईंनी देवघेवीची वही फोटोशेजारी आपटली.

"खोकी तुमच्याकडे आली होती. वजन भरायला तुमच्या मजल्यावरच्या फरशा घातल्यात. आणि चकत्या फाटकातून जाऊच शकत नाहीत. त्या वरच आहेत. अधिकारी, आता तरी योग्य कपाट उघडा."

अधिकारी गेले आणि पंधरा मिनिटांत आले. हातात उलटी चकती होती, अख्खी. सुलटीचे तीन तुकडे कागदात गुंडाळलेले होते. चित्रप्रमुख मान खाली घालून म्हणाले की फळीखाली कोंबताना फुटली. खोक्यात पडून राहिलेल्या नमुन्याला कोण विचारतं, असं वाटलं.

"तेच वाटतं तुम्हाला सगळ्यांना," बाई म्हणाल्या.

अण्णा मात्र बाईंकडे जळजळीत नजरेने बघत होते.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "फलक बघितला आणि सोमवारी खोकं उघडलं. फरशा बघून परत ठेवल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर नाणं थांबलं असतं. त्याच्या नावाने का होईना, उलटी का होईना, ताई निघाली असती. चोर म्हणवून घ्यायला मी तयार होतो. तुम्ही तिला दुसऱ्यांदा बुडवलंत."

संचालकांनी तेवढ्यात पेन काढलंच होतं. चित्रप्रमुखांवर कारवाई होईल, अण्णांवरचा आरोप मागे घेतला, आणि प्रस्ताव, सध्याची परिस्थिती पाहता, स्थगित. नामंजूर म्हणायची हिंमत चारचौघांत त्यांना झाली नाही.

फाइल घेऊन बाई बाहेर आल्या. अण्णांच्या मागोमाग त्या जिन्यापर्यंत गेल्या. मग थांबल्या आणि संचालकांचा शेरा पुन्हा वाचला.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "नामंजूर फाइल माझ्या खोलीत येते. स्थगित फाइल दर बैठकीला टेबलावर ठेवावीच लागते, तसा नियमच आहे. ठेवायचं काम माझं. मला तीन वर्षं उरलीत, वर्षाला चार बैठका. बारा वेळा त्यांच्या नाकासमोर ठेवते. बघू कोण थकतं ते."

अण्णांचा राग गेला नव्हता. जाण्यासारखा तो नव्हताच. त्यांनी फक्त हात पुढे केला.

"उलटी इकडे द्या."

"कशाला?"

"उलटीत प्लास्टर ओतलं की सुलटी निघते," अण्णा म्हणाले. "पाच दिवस आहेत माझे. पहिल्या बैठकीला नुसता कागद नेऊ नका."